ऑटोमॅटिक ट्रकचा रिव्हर्स पडत नसेल तर बॉक्स उतरवण्याआधी काय बघायचं

पुढचे गिअर सगळे पडतात, रिव्हर्स तेवढा पडत नाही. अशी ऑटोमॅटिक गाडी बेळगावच्या ऑटोनगरात आणली की निम्म्या ठिकाणी पहिलंच वाक्य कानावर येतं, "अण्णा, बॉक्स उतरवायला लागतंय." बॉक्स म्हणजे गिअरबॉक्स. हातगिअरच्या गाडीत ते बऱ्याचदा खरंही असायचं. ऑटोमॅटिकमध्ये मात्र ड्रायव्हरचा हात आणि आतला गिअर यांच्यामध्ये स्विच, वायर, कंट्रोल युनिट (बॉक्सचा छोटा कॉम्प्युटर), व्हॉल्व्ह आणि हवा किंवा ऑइल एवढी मंडळी बसलेली असतात. यातला कुणीही एक रुसला की रिव्हर्स गेला. म्हणून तपासताना एकच प्रश्न धरून चालायचं: हुकूम बॉक्सपर्यंत पोचलाच नाही, की पोचला पण बॉक्सने पाळला नाही? पोचला नसेल तर काम बहुधा वायर, स्विच, फ्यूज, हवेचा पाईप यांत निभतं. पाळला नसेल तरच खिशाला मोठी कात्री लागते.

हे लिहिलंय ते हातगिअरवरून नुकतेच ऑटोमॅटिकवर आलेल्या ड्रायव्हरांसाठी, एक-दोन गाड्यांच्या मालकांसाठी आणि गॅरेजात नव्याने लागलेल्या पोरांसाठी. बॉक्स खोलायचा कसा, हे यात नाही. तो खोलायची वेळ खरंच आलीय का, हे ठरवायचं कसं, ते आहे.

आधी चाकाला दगड

रिव्हर्स पडत नाही म्हणून चार वेळा लिव्हर हलवावा आणि पाचव्या वेळी तो अचानक पडावा, हा यातला खरा धोका. "बरली, बरली" (येऊ दे, येऊ दे) म्हणत गाडीच्या बरोबर मागे उभा राहणारा क्लीनर त्या क्षणी अडकतो. तपासणी चालू असताना मागे कुणीही उभं राहायचं नाही. माणूस बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा हवा. कारखान्याच्या यार्डात बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि तोडणीवाल्यांची पोरं फिरत असतील तर गाडी तिथून हलवल्याशिवाय हात लावू नका. पुढे तर ती जातेच आहे.

तवंदी घाटात गाडी अडली असेल तर तिथे काही तपासत बसू नका. सपाट जागा गाठा, पार्किंग ब्रेक ओढा, चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळे लावा. इंजिन चालू असताना गाडीखाली कुणी जायचं नाही. "नुसतं बघतो" म्हणूनसुद्धा नाही.

तुमच्या गाडीत बॉक्स कुठल्या जातीचा आहे

दोन पेडल दिसले की सगळे ऑटोमॅटिक म्हणतात, पण आपल्या रस्त्यावर दोन अगदी वेगळी यंत्रं फिरतात.

पहिलं एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आत साधा, हातगिअरसारखाच बॉक्स आणि नेहमीची क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे हुकमावर हलणारे यांत्रिक हात, करतात, मोठ्या गाड्यांत ते बहुधा हवेवर चालतात. ४८ नंबर हायवेवरचे बहुतेक दोन पेडलवाले ट्रॅक्टर-ट्रेलर आणि टिप्पर या जातीचे. व्होल्वोचा आय-शिफ्ट यातलाच.

दुसरं टॉर्क कन्व्हर्टरवालं, म्हणजे खरं ऑटोमॅटिक. त्यात नेहमीची क्लच प्लेट नाही. इंजिनच्या मागे ऑइलने भरलेला कन्व्हर्टर, आत प्लॅनेटरी गिअर आणि ऑइलच्या दाबाने आवळणारे क्लच पॅक, म्हणजे प्लेटांच्या चळती. ॲलिसन कंपनीचे बॉक्स असलेल्या बस, अग्निशमनाच्या गाड्या आणि काही खास कामाचे ट्रक यात येतात. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या ऑटोमॅटिक पिकअपचं तत्त्वही हेच.

अंदाज करू नका. बॉक्सवरची पट्टी वाचा, गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. कारण पुढची निम्मी तपासणी यावर वेगळी होते, आणि ऑइल तर पूर्णच वेगळं. कन्व्हर्टरच्या बॉक्सात ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं की बॉक्स संपला. एएमटीत ऑटोमॅटिकचं लाल पातळ ऑइल घातलं तरी दात आणि बेअरिंग जास्त दिवस तग धरत नाहीत. "ऑइलच आहे की ओ, काय फरक पडतोय?" असं म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

गाडी स्वतःच नको म्हणतेय का

नव्या ड्रायव्हरांच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. कंट्रोल युनिटला काही अटी पाळल्या गेलेल्या दिसल्या नाहीत तर ते रिव्हर्स देत नाही. हा बिघाड नव्हे.

गाडी पूर्ण थांबलेली हवी. जरासुद्धा पुढे घरंगळत असताना आर (रिव्हर्स) दाबला तर बॉक्स न्यूट्रलवर थांबू शकतो. पाय ब्रेकवर हवा. ॲक्सिलरेटर पूर्ण सुटलेला आणि इंजिन आयडलवर हवं. हातगिअरची सवय असलेला माणूस रिव्हर्स टाकताना नकळत थोडी रेस देतो, आणि ऑटोमॅटिकला नेमकं तेच चालत नाही. टिप्परचा पीटीओ (ट्रॉली उचलणाऱ्या पंपाला ताकद देणारी जोडणी) चालू राहिलेला असेल, मिक्सर किंवा पंपासाठी आयडल वाढवून ठेवलेलं असेल, तरी हाच प्रकार.

आता डिस्प्लेकडे बघा. ॲलिसनच्या बटणवाल्या सिलेक्टरवर दोन अक्षरं दिसतात: डावीकडे तुम्ही काय मागितलं ते, उजवीकडे बॉक्स प्रत्यक्षात कशात आहे ते. डावीकडचं आर लुकलुकतंय आणि उजवीकडे एन (न्यूट्रल) तसाच आहे, म्हणजे मागणी पोचलीय पण कंट्रोल युनिटने ती अडवून धरलीय. डावीकडे आर येतच नसेल तर संशय सिलेक्टरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. एएमटीत डिस्प्ले वेगळा दिसतो, पण प्रश्न तोच: आर उमटतो का, स्थिर राहतो की लुकलुकतो?

ब्रेकचा स्विच हा सगळ्यात स्वस्त संशयित. मागच्या लाल दिव्यांकडे कुणाला तरी बघायला सांगा आणि पेडल दाबा. दिवे लागत नसतील तर कित्येक गाड्यांना तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही. स्विच किंवा त्याचा फ्यूज बदला, बॉक्सचा विचार नंतर. पिकअपमध्ये लिव्हर पी (पार्किंग) मधून निघतच नसेल तरी पहिला संशय हाच.

मागच्या पांढऱ्या दिव्यावर आणि बझरवर मात्र फार विसंबू नका. काही गाड्यांत तो दिवा बॉक्सवरच्या स्विचने लागतो, काहींत कंट्रोल युनिटच्या हुकमावर. दिवा लागला म्हणजे आतले दात किंवा क्लच लागलेच असं नाही.

वीज

ट्रकला २४ व्होल्ट, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावला तर साधारण २५ च्या वर दिसायला हवं, इंजिन चालू असताना २७ ते २८.५. आयडलवरच व्होल्टेज पडत असेल तर कंट्रोल युनिट आधी चक्रावतं आणि मग नाही त्या खोड्या करतं. बॅटरीची टर्मिनल, चासीवरची अर्थची पट्टी, बॉक्स ते चासी अर्थ, हे सगळं सोडून घासून पुन्हा आवळा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरने तपासा. जळाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद गुंडाळणाऱ्याला हात जोडा आणि पुढे जा.

मग बॉक्सवरचा मोठा कनेक्टर. खानापूर-जांबोटीकडे पावसाळाभर फिरलेल्या गाडीचा कनेक्टर उघडला की आत तांबड्या मातीचा चिकट थर आणि पिनांवर हिरवट बुरशी दिसते. ते नजरेत येतं म्हणून सोपं. नजरेत न येणारं असं: सगळ्या पिना चकचकीत, पण त्यातली एक बाकीच्यांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आत सरकलेली. कनेक्टर बसतो, खटका लागतो, पण ती पिन समोरच्या पिनेला टेकतच नाही. टॉर्च तिरका धरून, पिनांची रांग एका रेषेत आहे का ते बघायचं. मागच्या बाजूने प्रत्येक वायर अलगद ओढायची. जी हातात येते ती आपली.

कनेक्टर उघडण्याआधी किल्ली बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, कंट्रोल युनिट पूर्ण झोपू द्या. साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, डिझेल नव्हे. वॉशिंगवाल्याला बॉक्सच्या वरच्या बाजूला प्रेशरने पाणी मारू नको म्हणून बजावून ठेवा. कारखान्याच्या किंवा गोदामाच्या आवारात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडलीय का, तेही बघा.

हवा (एएमटीवाल्यांसाठी)

गेजवर ब्रेकची हवा पूर्ण दिसते, मग बॉक्सला हवा नाही असं कसं होईल? होतं. ट्रकमधली हवा फोर सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्हमधून वाटली जाते. पहिली दोन सर्किटं ब्रेकची, तिसरं पार्किंग ब्रेक आणि ट्रेलरचं, आणि चौथ्यावर हॉर्न, हवेची सीट यांसारखी बाकीची कामं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सची हवा याच चौथ्या सर्किटवरून येते. एक लाइन फुटली तरी ब्रेक शाबूत राहावेत म्हणून हा व्हॉल्व्ह बनवलाय, म्हणून चौथं सर्किट रिकामं असलं तरी ब्रेकचे काटे ताठ उभे असतात. एअर हॉर्न बसका वाजतोय का, ड्रायव्हरची हवेची सीट वर येते का, ते बघा. दोन्ही मलूल असतील तर बॉक्सला दोष देण्याआधी तो व्हॉल्व्ह आणि तिथून बॉक्सकडे जाणारा पाईप तपासा. इंजिन बंद करून, सगळं शांत असताना बॉक्सजवळ कान लावला की गळती फुसफुसते. साबणाचं पाणी लावून जागा पक्की करा.

टाकीच्या खालचा ड्रेन ओढा. पाणी आलं तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. ते पाणी पुढे बॉक्सच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत जातं, व्हॉल्व्ह गंजतो आणि अडकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत हा त्रास जास्त. कार्ट्रिज वेळेवर बदलणं स्वस्त पडतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

ऑइल (कन्व्हर्टरवाल्यांसाठी)

इथे दाब हेच सगळं. ऑइल कमी तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, आणि सगळ्यात आधी रिव्हर्स रुसतो, कारण रिव्हर्समध्ये क्लचवर जोर जास्त पडतो.

ऑइल लेव्हल सेन्सर असलेल्या ॲलिसनमध्ये डिपस्टिक न काढताही लेव्हल कळते. सपाट जागा, पार्किंग ब्रेक, न्यूट्रल, इंजिन आयडलवर, ऑइल गरम, म्हणजे ६० ते १०४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. वर आणि खाली जाणारे दोन्ही बाण एकदम दाबायचे. गाडी नुकतीच थांबली असेल तर डिस्प्ले ८ पासून उलटे आकडे मोजत दोन मिनिटं थांबवतो. मग ओके, किंवा लो आणि पुढे आकडा. लो ०१ म्हणजे एक क्वार्ट, साधारण एक लिटर कमी. हाय आलं तर जास्तीचं काढून टाका. जास्त ऑइल फेसाळतं आणि फेसाने दाब धरत नाही.

मग एक थेंब पांढऱ्या कागदावर. लाल किंवा फिकट तपकिरी, वास साधा, तर ठीक. काळपट आणि जळका वास, तर क्लच पॅक भाजलेत. दुधी गुलाबी असेल तर पाणी शिरलंय, आणि तिथेच गाडी बंद करा. पाणी बहुधा कूलर फुटून रेडिएटरमधून येतं. कूलंट क्लच प्लेटांचं अस्तरच सोडवून टाकतं. दुसरी वाट ब्रीदरची, म्हणजे बॉक्सच्या हवा जाण्या-येण्याच्या भोकाची. वेदगंगा-दूधगंगेवरचे बुटके पूल पाण्याखाली असताना "जाईल की" म्हणून घातलेली गाडी ब्रीदरमधून पाणी पिऊन येते.

कोड वाचा

इथवर सगळं ठीक असेल तर कोड, म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदवून ठेवलेले बिघाडाचे आकडे. बऱ्याच ॲलिसनमध्ये तेच दोन बाण दोनदा दाबले (लेव्हल सेन्सर नसेल तर एकदाच) की साठलेले कोड येतात. डी१ हा सगळ्यात ताजा. बाकीच्या गाड्यांना स्कॅनर लागतो. कारचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल २४ व्होल्टच्या ट्रकला लावू नका, त्यातून भाषा जुळत नाही आणि डोंगलही जळू शकतो. कोड खोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गॅरेजवाल्याने आधी खोडून मग वाचायला घेतलं तर हातात काहीच उरत नाही.

मोठ्या ट्रकचे कोड एसपीएन आणि एफएमआय अशा जोडीने येतात. एसपीएन म्हणजे कुठला भाग, एफएमआय म्हणजे काय झालंय. एफएमआय ३, ४, ५ किंवा ६ आला तर बिघाड विजेचा: ३ व्होल्टेज जास्त, ४ कमी, ५ वायर तुटलेली, ६ अर्थला शॉर्ट. पुन्हा कनेक्टरकडे जा. ७ आला तर हुकूम गेला पण लोखंड हललं नाही. पहिल्या चार आकड्यांवर बॉक्स उतरवायला निघालेला मिस्त्री चुकीच्या टोकाने सुरुवात करतोय.

कुठला क्लच दमलाय

कन्व्हर्टरच्या बॉक्सात रिव्हर्स असा स्वतंत्र गिअर नसतो. मोजके क्लच असतात, आणि त्यातले दोन-दोन आवळून प्रत्येक गिअर बनतो. सहा गिअरच्या ॲलिसनमध्ये पाच क्लच: रिव्हर्सला सी-३ आणि सी-५. पहिल्याला सी-१ आणि सी-५. दुसऱ्याला सी-१ आणि सी-४, तिसऱ्याला सी-१ आणि सी-३, चौथ्याला सी-१ आणि सी-२, पाचव्याला सी-२ आणि सी-३, सहाव्याला सी-२ आणि सी-४.

हे एकदा कागदावर उतरवून केबिनमध्ये चिकटवा. रिव्हर्स नाही आणि पहिलाही घसरतोय, तर दोघांत समान काय? सी-५. रिव्हर्स नाही आणि तिसऱ्या-पाचव्याला इंजिन रेस घेतं पण गाडी ओढत नाही, तर सी-३. ॲलिसनचे पी ने सुरू होणारे कोडही हेच सांगतात. पी०७३६ म्हणजे रिव्हर्सचं गुणोत्तर (आतल्या आणि बाहेरच्या शाफ्टच्या वेगाचं प्रमाण) जुळत नाही, पी०७३१ पहिल्याचं, पी०७३३ तिसऱ्याचं, पी०७३५ पाचव्याचं. पी०७३६ च्या जोडीला कोण आलंय ते बघितलं की दमलेला क्लच सापडतो.

पहिला, तिसरा, पाचवा तिन्ही खणखणीत आणि रिव्हर्सच नाही, तर? तर दोन्ही क्लच निदान जिवंत आहेत. आता संशय व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठल्या क्लचला द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा), सोलेनॉइड आणि मेन प्रेशर (ऑइलचा मुख्य दाब) यांवर जातो, आणि हे बऱ्याचदा अख्खा बॉक्स न उतरवता तपासता येतं. एक मेख आहे. ॲलिसन ३००० मालिकेत पहिल्याचं गुणोत्तर ३.४९ आणि रिव्हर्सचं ५.०३, म्हणजे सी-५ वर रिव्हर्समध्ये कितीतरी जास्त ताण. निम्मा झिजलेला सी-५ पहिल्यात धरतो आणि रिव्हर्समध्ये सोडतो. म्हणून रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्हीचं वागणं विचारून घ्या. रिकामी मागे येते, भरलेली येत नाही, हे झिजेचं लक्षण.

एक साधी चाचणी केबिनमधूनच होते. ब्रेक घट्ट दाबून, आयडलवर, आर टाका आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा किंचित खाली आला, केबिन जराशी हलली, तर क्लच आवळले. मग गाडी मागे येत नसेल तर मागचे ब्रेक चिकटलेत का ते बघा. काटा ढिम्म, तर क्लच आवळलेच नाहीत. काटा एकदम कोसळून इंजिन बंदच पडलं, आणि न्यूट्रलमध्येही गाडी पुढे सरकू पाहते, तर सी-१ चिकटलाय. पुढचा क्लच सुटत नाही आणि मागचा ओढतोय, अशी आत मारामारी चाललीय. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, आणि ब्रेक दाबून रेस देण्याचा प्रयोग तर नव्याने शिकणाऱ्याने करूच नये. कन्व्हर्टरमधलं ऑइल काही सेकंदांत उकळतं.

एएमटीत लोखंडाचा दोष

आर टाकल्यावर बॉक्समधून खरडल्यासारखा आवाज येतो, किंवा तीनदा नकार देऊन चौथ्यांदा पडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (दात बसण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय दात बसत नाहीत. काही गाड्यांत इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून आर टाकता येतो. तसा पडला आणि इंजिन चालू असताना पडत नसेल, तर बॉक्स निर्दोष, क्लच दोषी. नवी क्लच प्लेट टाकल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर बहुतेक स्कॅनरवरून क्लच लर्निंग (नवा क्लच कुठे धरतो ते कंट्रोल युनिटला शिकवणं) करायचं राहून गेलंय. दातावर दात आला असेल तर न्यूट्रल करा, दोन सेकंद थांबा, पुन्हा टाका. सुटतं. डिस्प्ले आर दाखवतो, आवाज काही नाही, गाडी न्यूट्रलसारखी मोकळी, असं असेल तर शिफ्ट फोर्क (आतला गिअर सरकवणारा काटा) किंवा रॉड तुटलाय, आणि इथे मात्र बॉक्स उतरवायलाच लागतोय.

कोल्हापूरला न्यायची की हुबळीला

बेळगावातून दोन्हीकडे साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर. गाडी पुढे चालत असेल, ऑइल स्वच्छ असेल आणि पुढचे गिअर घसरत नसतील, तर चालवत न्या, फक्त वाटेत कुठे मागे घ्यायची पाळी येणार नाही अशा जागी थांबा. ऑइल दुधी किंवा जळकं असेल तर चालवू नका. ओढून न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडल्याशिवाय ओढू देऊ नका. कन्व्हर्टरच्या बॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि मागची चाकं फिरतायत, म्हणजे आतलं सगळं कोरडं फिरतंय. क्रेनवाला "एवढ्या-तेवढ्याला काय होतंय" म्हणेल. त्याच्यासमोर उभं राहून शाफ्ट सोडवून घ्या, बोल्ट पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवा.

गॅरेजात पोचल्यावर कोडचे फोटो दाखवा, त्रास थंड गाडीत होतो की गरम, रिकाम्या की भरलेल्या, ते सांगा. "बॉक्स उतरवायचा" असं उत्तर आलं तर दोन गोष्टी मागा: कन्व्हर्टरवाल्या बॉक्सचं गेज लावून मोजलेलं रिव्हर्समधलं मेन प्रेशर, किंवा एएमटीचं ॲक्च्युएटरपर्यंत पोचणाऱ्या हवेचं आणि व्होल्टेजचं माप. आकडा कागदावर लिहून द्यायला तयार नसेल तर किल्ली परत घ्या.